मेल्यावर कुठून सुरू?

ताई, नमस्कार. रावेर तालुक्यात माझी साडेसहा एकर केळी आहे. वय ४२. २००३ ते २००६ जळगावला कॉलेजला होतो, तेव्हा वर्गापेक्षा सायबर कॅफेत जास्त बसलो. आयजीआय, काउंटर-स्ट्राइक, आणि एक समुद्रकिनाऱ्यावर उतरायचा गेम होता, त्याचं नाव आता आठवत नाही. पुढे लग्न, शेती, सगळं सुटलं. गेल्या महिन्यात पुण्याच्या भाच्यानं नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला आणून दिला. आय-थ्री आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. शेतीची लाइट काही दिवस रात्री असते, तेव्हा मोटर सुरू करायला जागावंच लागतं. त्या दोन तासांत पुन्हा मिलिटरीचे जुने गेम खेळावेत असं मनात आहे. भाच्यानं चाळीस नावांची यादी पाठवली, ती वाचूनच दमलो. तीन-चारच नावं सांगा. घरची लाइटही कधी जाईल सांगता येत नाही. दहा वर्षांचा मुलगा शेजारी येऊन बसतो, त्याचंही सांगा. आणि मंडळी म्हणतात, या वयात हे शोभतं का?
– एक केळीवाला भाऊ, रावेर तालुका

भाऊ, भाच्याची यादी आधी बाजूला ठेवा. त्यातले चाळीसच्या चाळीस गेम चांगले असतील, पण ती यादी पुण्यात बसून केलेली आहे. तिकडे लाइट गेली तर बातमी होते, आपल्याकडे टिकली तर होते. म्हणून ग्राफिक कसं आहे, बंदुका किती आहेत, लोकांनी किती स्टार दिले, हे सगळं नंतर. गेम हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारायची: मेल्यावर कुठून सुरू करावं लागतं?

हे मला कॅफेनं शिकवलं. २००१ ते २००९ भुसावळला स्टेशनच्या अलीकडे आमचा आठ मशीनचा कॅफे होता. यजमान मशीन उघडून दुरुस्त करायचे, मी काउंटरला. मी स्वतः खेळायला लागले ते नंतर, पण आठ पोरांच्या पाठीमागे उभं राहून सगळं बघितलंय. काउंटर-स्ट्राइकचंच घ्या. त्यात एकदा मेलात की तो राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. मेलेला पोरगा खुर्चीवरून उठायचा, ‘कारे भो, मांगून मारलं ना मले!’ म्हणून एकदा ओरडायचा आणि सरळ काउंटरला येऊन वेफर्सचा पुडा घ्यायचा. पहिला मेलेला हमखास दोन पुडे न्यायचा, कारण त्याला सगळ्यांत जास्त वेळ बसायचं असायचं. नेटच्या तासापेक्षा वेफर्समध्ये जास्त सुटायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि आयजीआय! तुम्ही नाव घेतलंत म्हणून सांगते, हा गेम मी तुम्हाला पहिला देणार नाही. २००० साली आलेला, नॉर्वेच्या इनरलूप नावाच्या स्टुडिओनं केलेला. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, हातात दुर्बीण, समोर तारेचं कुंपण, मनोऱ्यावर पहारेकरी, गेटावर फिरणारा कॅमेरा. पहिलंच मिशन रेल्वेच्या यार्डाचं, त्यामुळे भुसावळच्या पोरांना तो गेम स्वतःच्या घरचा वाटायचा. लाकडी भिंतीतून गोळी आरपार जायची, शिडीवर चढताना बंदूक हातात नसायची, आणि एकदा भोंगा वाजला की बराकीतून माणसं निघतच राहायची. सगळं खरं. पण त्या गेममध्ये मिशनच्या मधोमध सेव्ह नाही, म्हणजे झालेला खेळ जपून ठेवायची सोय नाही. चौदा मिशन, आणि प्रत्येक मिशन एका दमात. पाऊण तास सरपटत जाऊन शेवटच्या दारात कोणी गोळी घातली की पुन्हा कुंपणाच्या बाहेर.

एका मे महिन्यातली गोष्ट आहे. दुपारी तीनची वेळ, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलर घरघरतोय. पाच नंबरच्या मशीनवर बारावीचा एक पोरगा आयजीआयच्या एका मिशनमध्ये तीन दिवस अडकला होता. त्या दिवशी तो निघाला. मागे सहा जण उभे, कोणी श्वास घेत नव्हतं. हेलिकॉप्टरपाशी पोहोचायला शंभर पावलं राहिली असतील आणि लाइट गेली. आमचा यूपीएस एकट्या सर्व्हरपुरता. कूलर थांबला, पंखे थांबले आणि त्या शांततेत तो पोरगा काहीच बोलला नाही. कीबोर्डवर दोन्ही हात तसेच ठेवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. मी त्याच्याकडून त्या तासाचे पैसे घेतले नाहीत. नंतर कळलं, तो ते मिशन पुढे कधी खेळलाच नाही.

तुमची गत तीच व्हायची. त्यात तुम्हाला साडेअकराला उठून मोटरीकडे जायचं. मोटर थांबणार नाही आणि जोन्सही थांबणार नाही. तेव्हा आयजीआय ज्या दिवशी दिवसाची पाळी असेल, रात्र मोकळी असेल आणि घरात यूपीएस आलेला असेल, त्या दिवसासाठी ठेवा. २००३ चा दुसरा भाग, आयजीआय टू, त्यात प्रत्येक मिशनला मोजके सेव्ह दिलेत. तो त्या मानानं दयाळू. पण पहिल्या भागाची ती थंडगार एकटेपणाची चव दुसऱ्यात मला सापडली नाही.

आता नाव न आठवणारा तो किनाऱ्याचा गेम. त्याचं नाव मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट. साल २००२. तुम्ही सुरुवात ह्याच्यापासून करा. किनारा आहे फ्रान्समधला ओमाहा, दिवस ६ जून १९४४. बोटीत तुमच्या पुढं दोन ओळींत सैनिक, पाणी अंगावर उडतंय, कोणीतरी ओकतोय, मग शिट्टी वाजते, फळी पडते आणि पुढची ओळ जागच्या जागी कोसळते. वीस वर्षांनी बघितलं तर माणसांची तोंडं लाकडातून कोरल्यासारखी दिसतात, हे खरं. आवाज मात्र आजही तसाच लागतो. चांगला हेडफोन लावा, गोळी कानाजवळून जाते ते ऐका. आणि मुख्य म्हणजे ह्यात एफ-५ दाबलं की जिथं असाल तिथं सेव्ह होतं, एफ-९ दाबलं की तिथूनच पुन्हा सुरू. आपल्या भागासाठीच केलाय म्हणा ना. मात्र पुढं एक पडझड झालेलं गाव लागतं, पाऊस पडतोय, आणि प्रत्येक खिडकीत एक नेमबाज. तो कुठं आहे ते तुम्ही मेल्यावरच कळतं. तिथं दर वीस पावलांना एफ-५. लाज बाळगू नका, आमच्या कॅफेतले भले भले तिथं रडले होते.

हा गेम ज्यांनी केला त्यातली बरीच मंडळी कंपनी सोडून बाहेर पडली, त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड नावाचा नवा स्टुडिओ काढला आणि २००३ साली कॉल ऑफ ड्यूटी आणला. म्हणजे घर वेगळं, आचारी तेच. एकाच्या मागोमाग दुसरा खेळलात तर भाजीतली फोडणी ओळखू येईल. फरक एवढाच, की मेडल ऑफ ऑनरमध्ये बहुतेक वेळ तुम्ही एकटे असता, कॉल ऑफ ड्यूटीमध्ये चहूबाजूंनी तुमची माणसं पळत असतात, ओरडत असतात, मरत असतात. अमेरिकन, ब्रिटिश आणि रशियन असे तीन भाग. रशियन भागाची सुरुवात व्होल्गा नदी ओलांडून स्टालिनग्राडला. काठावर बंदुका वाटतात, आणि तुमचा नंबर आला की हातात नुसत्या गोळ्या. बंदूक पुढच्याला मिळाली, तो पडला तर त्याची घ्या. त्या चढावर निदान पाच मिनिटं हातात काहीही नसताना पळायचं असतं. मिलिटरी गेममध्ये गोळीबार न करता घाम फोडणारा दुसरा प्रसंग मला पटकन आठवत नाही. ह्यातही हवं तिथं सेव्ह करता येतं. जखम झाली की औषधाची पेटी शोधायची. नसली तर आहे त्या रक्तावर पुढं.

२००५ चा कॉल ऑफ ड्यूटी टू इथं वेगळा पडतो. त्यात पेटी गेली. गोळ्या लागल्या की स्क्रीन लाल होते, भिंतीआड पाच-सहा सेकंद बसलात की माणूस पुन्हा ठणठणीत. पुढं सगळ्या जगानं हेच उचललं. खेळायला सोपं झालं, पण पेटीसाठीची ती भीक मागणारी नजर गेली. सेव्हही तुमच्या हातात राहिला नाही, गेम स्वतःच ठरावीक जागी करतो. त्या जागा जवळजवळ आहेत, लाइट गेली तर पाच-दहा मिनिटांचं नुकसान, तेवढं सोसवतं. तरी दोघांतला एकच घ्यायचा असेल तर पहिला घ्या. दुसरा घेतलात तर उत्तर आफ्रिकेचा भाग नीट बघा. एल अलामेन आणि ट्युनिशियाच्या त्या वाळवंटात खरोखर लढलेल्यांत चौथी भारतीय डिव्हिजन होती. गेममध्ये मला एकही आपला माणूस दिसला नाही. तुम्हाला दिसला तर कळवा.

मग २००७ चा कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर. दुसरं महायुद्ध सोडून हे लोक आजच्या काळात आले आणि गेमच्या धंद्याचं गणितच बदललं. तुमच्या आय-थ्रीवर कार्ड नसतानाही चालेल, फक्त गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि टेक्स्चर, म्हणजे चित्रातला बारकावा, खाली आणा. ह्या गेमबद्दल जास्त सांगून तुमची मजा घालवणार नाही. एकाच मिशनपुरतं बोलते. चेर्नोबिलच्या शेजारचं प्रिप्यात, अणुभट्टी फुटल्यावर ओस पडलेलं शहर. तुम्ही आणि तुमचा कॅप्टन, दोघंच, अंगावर गवताचा वेश. मध्ये एक मोकळं शेत येतं. समोरून शत्रूची अख्खी पलटण चिलखती गाड्यांसकट तुमच्याच दिशेनं चालत येते. कॅप्टन म्हणतो, झोप, आणि हलू नकोस. तुम्ही गवतात पालथे. बूट तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जातात. बंदूक हातात आहे, पण चालवली तर मेलात. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा ते सगळे निघून गेल्यावर लक्षात आलं, आपण खुर्चीतसुद्धा हललो नव्हतो. तुम्हाला केळीच्या बागेत रात्री दारं धरताना समोर रानडुक्कर आलं की जसं थिजायला होतं, अगदी तसंच. ह्यातही सेव्ह गेमच करतो, पण वरचेवर करतो.

ह्या गेमची एक खोड: पडद्यावरचं दृश्य अरुंद आहे, पीसीवर पासष्ट अंशांचं. चाळिशीनंतर स्क्रीनच्या फार जवळ बसून खेळलं तर काहींना गरगरतं, मळमळतं. मला होतं. खुर्ची दोन हात मागे घ्या, खोलीतला दिवा चालू ठेवा, तरीही झालं तर उठून बाहेर चक्कर मारा. पोटात काही नसताना खेळू नका, आणि शेवभाजी ओरपून लगेचही नको.

तीन झाले. चौथा गेम सगळ्यांना देत नाही, तुम्हाला देते, कारण तुम्ही वाट बघणारा माणूस दिसता. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले एक काका रविवारी कॅफेत यायचे. तिथं खऱ्या बंदुकीच्या गोळ्या बनतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पोरं काउंटर-स्ट्राइकमध्ये भिंतीवर अख्खं मॅगझिन रिकामं करायची आणि हे काका तोंड वाकडं करायचे. ‘एवढ्या गोळ्या वाया? कोणाच्या बापाच्या?’ ते स्वतः एकच गेम खेळायचे, ऑपरेशन फ्लॅशपॉइंट. २००१ चा, बोहेमिया नावाच्या चेक स्टुडिओचा. आता तो आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट ह्या नावानं विकतात, शोधताना लक्षात असू द्या. साल १९८५, काल्पनिक बेटं, अमेरिका आणि सोव्हिएत फौजा. तुम्ही हिरो नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेले एक साधे शिपाई. सार्जंट सांगेल तिकडं चालायचं, दहा-दहा मिनिटं नुसतं चालायचं, शत्रू म्हणजे तीनशे मीटरवरच्या झुडपात एक ठिपका. आणि एक गोळी लागली की संपलं. काका म्हणायचे, बाकीचे गेम गोळीला मच्छर समजतात.

त्यात एक मिशन आहे. हल्ला फसलेला असतो, तुमची तुकडी मारली गेलेली, तुम्ही एकटेच जंगलात, आणि बेटावरून सुटायला एका ठरलेल्या जागी पोहोचायचंय. मारायचं कोणालाच नाही, नुसतं जगायचं. झाडांमधून गस्तीचे आवाज येतात, हातात नकाशा आणि होकायंत्र. आणि अख्ख्या मिशनला आपल्या हातानं करायचा सेव्ह एकच. एकच! कुठं वापरायचा? आत्ता ह्या ओढ्यापाशी, की पुढं रस्ता ओलांडून झाल्यावर? गेम चालवताना हा निर्णय सगळ्यांत जड होता. काका तो सेव्ह वापरण्याआधी चष्मा काढून पुसायचे. लाइटीचा विचार केला तर हा गेम तुम्हाला देणं चूक आहे, मला कळतं. पण मिशन छोटी-छोटी आहेत, आणि रात्री पाण्याच्या पाळीवर अंधारात एकट्यानं बांधावरून चाललेल्या माणसाला हा गेम जितका कळेल तितका पुण्याच्या भाच्याला कळणार नाही.

हा फार रूक्ष वाटला तर त्याऐवजी ब्रदर्स इन आर्म्स: रोड टू हिल ३०, साल २००५. नॉर्मंडीत उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी, तुम्ही तिचे सार्जंट बेकर. इथं नेमबाजी कामाची नाही, बंदूक मुद्दामच डगमगणारी दिलीय. एका टोळीला सांगायचं, समोरच्यांवर गोळीबार करत त्यांची डोकी खाली ठेवा. दुसरीला घेऊन आपण बाजूनं वळसा घालायचा. एकाच जागी बऱ्याचदा मेलात तर हा गेम चक्क विचारतो, तुमची आणि तुमच्या माणसांची जखम भरून देऊ का? असा समजूतदार गेम मी दुसरा बघितला नाही.

बाकीचं भराभर. डेल्टा फोर्सची पोरांना फार आठवण येते, त्यातला २००३ चा ब्लॅक हॉक डाउन, मोगादिशूचा, अजून बरा दिसतो. १९९८ चा पहिला फक्त आठवणीतच ठेवा. काउंटर-स्ट्राइक एकट्यानं खेळायचा असेल तर २००४ चा कंडिशन झीरो, त्यात समोर कॉम्प्युटरच खेळतो, नेट लागत नाही. पण वेफर्स खायला शेजारी कोणी नसलं तर त्या गेमला अर्थ काय, हे मला अजून कळलेलं नाही. बॅटलफील्डचे जुने गेम मुळात चौसष्ट माणसांनी एकत्र खेळायचे. त्यातल्या बऱ्याचशांचा भार गेमस्पाय नावाच्या सेवेवर होता, ती २०१४ ला बंद झाली, तेव्हा ते तुमच्या यादीतून काढाच. जुन्या गेमच्या ऑनलाइन भागात एकूणच शिरू नका, तिथल्या सुरक्षेची भोकं आता कोणी बुजवत नाही. आणि क्रायसिस यादीत असेल, असणारच, त्यावर काट मारा. तुमच्या मशीनवर तो गेम न होता स्लाइड शो होईल.

आता हे गेम आणायचे कुठून. घरात जुन्या सीडी असतील तर त्या टाकून बघायचा मोह होईल. बहुतेक चालणार नाहीत, आणि दोष सीडीचा नाही. त्या काळात नक्कल होऊ नये म्हणून सीडीवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या कुलपाला जागाच ठेवली नाही, सुरक्षेला धोका म्हणून. ७ आणि ८ मध्येसुद्धा २०१५ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनं ते बंद केलं. म्हणून गेम चढतो, पण दुहेरी क्लिक केलं की काहीच होत नाही.

‘क्रॅक’ केलेला फुकटचा गेम कोणी पेन ड्राइव्हमध्ये देईल. घेऊ नका. आमच्या कॅफेत एकदा चाळीस रुपयांची एक सीडी घेतली होती, सत्रा गेम एका सीडीत. संध्याकाळपर्यंत आठही मशीन आडवी. दोन दिवस शटर खाली. ह्यांनी रात्रभर बसून एकेक फॉरमॅट केलं आणि त्या दिवसापासून मी चाळीस रुपयांच्या कुठल्याही वस्तूकडे संशयानं बघते.

स्टीम आणि गॉग ही नेटवरची दोन दुकानं. कॉल ऑफ ड्यूटीचे तिन्ही आणि फ्लॅशपॉइंट स्टीमवर, किंमत रुपयांत दिसते. मेडल ऑफ ऑनर गॉगवर, दोन जादा भागांसकट. स्टीमचा उन्हाळी आणि हिवाळी सेल बघून घ्या. कॉल ऑफ ड्यूटी जुना झाला तरी एरवी भाव खातो. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून घेतल्या घेतल्या एकदा चालवून बघायचं, सेलमध्ये घेऊन दिवाळीपर्यंत ठेवून द्यायचं नाही. गॉगची मुदत तीस दिवसांची. गॉगचा फायदा असा की गेमची फाइल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. तुमच्याकडे नेट रडत असेल तर भाच्याला सांगा, पुढच्या खेपेला पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ये. यादीपेक्षा तेवढं काम त्यानं केलं तर बरं.

गेम सुरूच झाला नाही तर त्याच्या चित्रावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं विंडोज एक्सपी निवडा आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ला टिक करा. दहातल्या सात वेळा एवढ्यानं भागतं, हा माझ्या टेबलावरचा हिशेब. हे गेम चौकोनी मॉनिटरच्या जमान्यातले. नव्या रुंद मॉनिटरवर ताणून लावलेत तर सगळे सैनिक लग्नाची पंगत उठवून आल्यासारखे जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

यूपीएस घ्याच, साधा ६०० व्हीएचा. त्यावर गेम खेळत बसायचं नसतं, सेव्ह करून मशीन नीट बंद करायला दहा मिनिटं मिळतात, तेवढीच पाहिजेत. आणि मे महिन्याआधी मशीन उघडून ब्लोअरनं धूळ काढा. शेतातल्या घरात मशीन ठेवलं असेल तर दोन महिन्यांतच आत केळीच्या वाळल्या पानाचा भुगा सापडतो. सापडलाय मला.

मुलाचं. अमेरिकेच्या वयाच्या शिक्क्याप्रमाणे मेडल ऑफ ऑनर आणि कॉल ऑफ ड्यूटीचे पहिले दोन तेरा वर्षांपुढचे, मॉडर्न वॉरफेअर आणि ब्रदर्स इन आर्म्स सतरापुढचे. तुमचा दहाचा. शेवटचे दोन तो झोपल्यावर, ह्यात चर्चा नको. मॉडर्न वॉरफेअरमध्ये एकदोन प्रसंग असे आहेत की मोठी माणसंही गप्प होतात. तेरापुढच्या गेमना त्याला शेजारी बसू द्यायचं की नाही हे तुम्ही त्याला ओळखता त्यावर. माझ्या मुलाला मी बसवलं होतं, पण नकाशा घेऊन. फ्रान्स कुठं, व्होल्गा कुठं, हे लोक कोणाशी का भांडतायत. त्याला नेमबाजीपेक्षा नाझी लोक हरले कसे ह्यातच जास्त रस निघाला, आणि मग प्रश्न विचारून विचारून त्यानं मला एकही मिशन धड खेळू दिलं नाही. तयारी ठेवा.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे मागू नका, मी पन्नाशीला आलेय आणि काल रात्री एकपर्यंत फ्लॅशपॉइंट खेळत होते. फार तर एक करा, त्यांना एकदा माउस देऊन बघा. आमच्याकडे हे असंच सुरू झालं.

सुरुवात ठरली: मेडल ऑफ ऑनर. पहिली दोन मिशन आफ्रिकेतली आणि नॉर्वेच्या बाजूची, ती हात बसवण्यापुरती समजा. किनारा तिसऱ्यात येतो. फळी पडली की सरळ पळू नका. समोर वाळूत लोखंडी आडवेतिडवे अडथळे दिसतील, एकामागून दुसऱ्याआड जा, कॅप्टन हाक मारेल तिकडं. बॉम्बनं पडलेल्या खड्ड्यात शिरलात की थांबा, श्वास घ्या, एफ-५ दाबा. मग उठून मोटर चालू करून या.